भावजी म्हणतात, नळी खुपसली की झालं

पत्र असं आहे:

"सप्रेम नमस्कार. आम्ही गेल्या वर्षी एक जुनं दुमजली घर घेतलं. बैठकीच्या खोलीत विटांची उघडी फायरप्लेस आहे, वर पक्की बांधलेली चिमणी आहे. पहिल्या हिवाळ्यात हौसेने जाळ केला. तोंड भाजायचं आणि पाठ गारठायची. वारा सुटला की अर्धा धूर खोलीत. म्हणून आता फायरप्लेसच्या कोनाड्यात बंद दाराचा, लाकडावर चालणारा लोखंडी स्टोव्ह बसवायचा म्हणतोय. ओळखीतून एक वापरलेला ९ किलोवॅटचा मिळाला, तो आणूनही ठेवलाय. खोली ५ मीटर लांब, ४.२ मीटर रुंद, उंची २.६. माझे दीर घरातली सगळी कामं स्वतः करतात आणि चांगली करतात. त्यांचं म्हणणं, 'वहिनी, चिमणी आयती आहे. स्टोव्हची नळी दोन हात आत खुपसायची, भोवती सिमेंट लिंपायचं, झालं. आतून वरपर्यंत स्टीलची नळी सोडा म्हणतात, ते सगळे विकणाऱ्यांचे धंदे.' यजमानही त्यांच्याच बाजूने. मला मात्र धाकधूक वाटते. वरच्या मजल्यावर, चिमणीच्या भिंतीला लागूनच मुलांची खोली आहे. खरंच हे एवढं सोपं आहे का? आणि स्टोव्हच्या वरच्या भिंतीवर टीव्ही टांगायचा आहे, तो चालेल ना?

धाकधूक लागलेली वहिनी"

ताई,

आधी तुमच्या दिरांच्या बाजूने दोन शब्द बोलून घेतो, कारण पुढे फारशी संधी मिळणार नाही. आयत्या चिमणीत स्टोव्ह बसवायची कल्पना चांगलीच आहे. छप्पर फोडायला नको, नवं धुराडं उभारायला नको, आणि चिमणी घराच्या पोटात असेल तर तापलेल्या विटा रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत राहतात. उघड्या फायरप्लेसमध्ये लाकडातली जेमतेम १० ते १५ टक्के उष्णता खोलीच्या वाट्याला येते, बाकीची आकाशाला. चांगला बंद स्टोव्ह ७० टक्क्यांच्या पुढे देतो. तेव्हा बेत उत्तम. रीत मात्र चुकली आहे, आणि ती चूक उघडी पडेल नेमकी मुलांच्या खोलीत.

स्टोव्ह धूर वर ढकलतो असं आपण धरून चालतो. तो काही ढकलत नाही, ओढते ती चिमणी. आतली हवा गरम म्हणून हलकी, बाहेरची गार म्हणून जड, आणि या फरकातून जी ओढ तयार होते तिच्यावर सगळा कारभार चालतो. ही ओढ किती असावी? घरगुती स्टोव्हला साधारण १२ पास्कल. एवढ्या दाबाने नळीतलं पाणी वर चढवायला गेलात तर सव्वा मिलिमीटरसुद्धा धड चढणार नाही. तुमच्या खोलीत धूर येणार की बाहेर जाणार, हे एवढ्याशा जोरावर ठरतं. आणि चिमणी गार पडली की तोही जोर जातो.

बेंजामिन फ्रँकलिनसारख्या डोकेबाज माणसालाही इथे ठेच लागली होती. त्याने १७४० च्या सुमारास लोखंडी शेगडी काढली आणि १७४४ मध्ये तिच्यावर पुस्तिकाही छापली. उष्णता फुकट जाऊ नये म्हणून त्याने धूर आधी खाली उतरवला, फरशीखालून फिरवला आणि मग चिमणीत सोडला. कागदावर झकास. प्रत्यक्षात धूर वाटेतच इतका गार व्हायचा की चिमणीला ओढच लागेना. जाळ अखंड भडकता ठेवला तरच ती शेगडी नीट चालायची. पुढच्या लोकांनी तो उलटा वळसा काढून टाकला.

आता तुमच्या घराकडे वळू. उघड्या जाळाची चिमणी ऐसपैस बांधलेली असते, कारण तिला धुराबरोबर खोलीतली ढीगभर हवाही गिळायची असते. जुन्या विटांच्या चिमणीत आतली पोकळी बऱ्याचदा २३ बाय २३ सेंटिमीटरची असते, म्हणजे ५०० चौरस सेंटिमीटरच्या वर. तुमच्या स्टोव्हच्या डोक्यावरचं तोंड बहुधा १५ सेंटिमीटर व्यासाचं असेल. त्याचं क्षेत्रफळ भरतं १७७. म्हणजे बोळातून पळत आलेला धूर एकदम तिप्पट मोठ्या पटांगणात शिरतो आणि तिथे रेंगाळतो. त्यातून बंद स्टोव्ह हवा मोजूनमापून घेतो, उष्णता खोलीला देऊन टाकतो, म्हणून वर जाणारा धूर मुळातच थोडा आणि कमी गरम. गंमत बघा, उघड्या जाळात जी उष्णता वाया जात होती तीच चिमणीला आतून कोरडी ठेवत होती. आपण ती वाचवली आणि चिमणीला थंडीत उभं केलं.

धूर सुमारे १२० अंश सेल्सिअसच्या खाली उतरला की त्यातली वाफ आणि न जळलेलं डांबर विटांवर धरायला लागतं. याला क्रिओसोट म्हणतात. सुरुवातीला ती मऊ काजळी असते, ब्रश फिरवला की झडते. मग कुरकुरीत पापुद्रे होतात. त्यापुढची पायरी म्हणजे काळ्या काचेसारखा चकचकीत थर, ज्यावरून ब्रश नुसता घसरतो. हा थर म्हणजे घराच्या भिंतीला आतून चोपडलेलं इंधन. एखाद्या दिवशी जाळ जरा मोठा झाला, एक ठिणगी वर गेली, की ते पेटतं. चिमणीतली आग १००० अंशांच्या पलीकडे जाऊ शकते. तशी लागलीच तर स्टोव्हचं दार आणि हवेची झडप बंद करायची, सगळ्यांना घराबाहेर काढायचं आणि अग्निशमन दलाला बोलवायचं. तापलेल्या चिमणीत पाणी ओतायचं नाही. विटा, नळी, सगळं तडकतं.

पण आग ही फार पुढची गोष्ट. त्याआधी काय होतं ते मी स्वतःच्या घरात पाहिलंय, आणि तुमच्या दिरांना ही हकिगत जरूर वाचून दाखवा. माझा पहिला स्टोव्ह असाच बसवला होता. नळी आत खुपसलेली, भोवती लिंपण, सगळं कसं देखणं. दुसऱ्या हिवाळ्यात वरच्या खोलीच्या भिंतीवर तळहाताएवढा पिवळट डाग आला. आम्ही म्हटलं ओल असेल. रंग दिला. महिनाभरात डाग रंगातून परत वर आला, आता चहाच्या रंगाचा आणि ताटलीएवढा. पुन्हा रंग, पुन्हा डाग. पावसाळी हवेत त्या खोलीत जळक्या दोरखंडासारखा वास यायचा. शेवटी मी नखाने गिलावा खरवडला तर तो भिजलेल्या बिस्किटासारखा निघाला, आणि नखाखाली जे अडकलं ते चिकट होतं, दोन दिवस धुतलं तरी गेलं नाही. आतल्या विटांच्या दरजांमधला चुना त्या आंबट ओलीने खाऊन टाकला होता. डाग ज्या वाटेने आला त्याच वाटेने कार्बन मोनॉक्साइडही येऊ शकतो. त्याला रंगही नाही आणि वासही नाही. मला वास देणारं डांबर आधी आलं, हे माझं नशीब.

म्हणून आतून वरपर्यंत नळी, म्हणजे लायनर. यात विकणाऱ्यांचा फायदा आहेच, तो कशात नसतो? पण काम खरं आहे. स्टोव्हच्या तोंडाएवढ्याच व्यासाची नळी सलग टोकापर्यंत गेली की धूर पसरत नाही, वेगाने जातो, गरम राहतो. विटांशी त्याचा संबंधच येत नाही. आणि झाडणाऱ्याचा ब्रश एका दमात वरपर्यंत जातो.

लायनर सरसकट लागतोच असं मात्र मी म्हणणार नाही. काही चिमण्यांत बांधतानाच आतून भाजक्या मातीचे नळ बसवलेले असतात. ते अखंड असतील, सांधे धड असतील आणि माप स्टोव्हला साजेसं असेल तर त्यावर भागतं. तुमच्या पोकळीत काय आहे हे पत्रावरून मला कळायचं नाही आणि टॉर्च मारून भावजींनाही कळणार नाही. आधी चिमणी झाडून घ्या, कारण काजळीखाली भेगा दिसत नाहीत. मग कॅमेरा सोडून बघायला सांगा. बघणाऱ्याला तीन गोष्टी खास विचारा. चिमणी मध्येच वळली आहे का? आत कुठे लाकडी तुळईचं टोक डोकावतंय का? जुन्या घरांत हे दिसतं, आणि दिसलं की काम तिथेच थांबवायचं. आणि तिसरी, वरच्या मजल्यावर कधीकाळी दुसरी फायरप्लेस होती आणि ती याच पोकळीत सोडली आहे का? एका पोकळीत एकच जाळ हा नियम आहे. बुजवलेल्या फायरप्लेसवर नुसता वॉलपेपर चिकटवलेला असेल तर धुराला दार उघडंच आहे.

घरटं सापडण्याचीही तयारी ठेवा. आपल्या भाषेने धुराड्यालाही चिमणी म्हटलं आणि पाखरालाही, त्यामुळे पाखरांचा काय दोष. काटक्यांचं घरटं पूर्ण काढल्याशिवाय एक काडीही पेटवायची नाही, आणि नंतर वर जाळीची टोपी बसवायची. जाळी फार बारीक नको, नाहीतर तीच काजळीने बुजते.

लायनर घेताना तो लाकडाच्या धुरासाठीचाच आहे हे बघा. गॅसच्या उपकरणासाठी पातळ, एकपदरी लवचीक नळी मिळते, स्वस्तही असते, पण लाकडाच्या धुरापुढे ती टिकत नाही. लाकडाला दुपदरी, ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची चालते. ९०४ प्रत आम्ल जास्त सोसते, ती लाकडाबरोबर खनिज इंधनही जाळणाऱ्यांनी घ्यावी. नळीवर बाण छापलेला असतो. तो वर जाणाऱ्या धुराच्या दिशेने ठेवायचा. उलटी घातली तर आतल्या पट्ट्यांच्या कडा वर तोंड करून बसतात आणि ओघळणारं पाणी व डांबर पदरांत शिरतं. तुमची चिमणी बाहेरच्या भिंतीत असेल, तीन बाजूंनी थंडी खात असेल, तर नळीभोवती उष्णतारोधक आवरण गुंडाळा किंवा पोकळीत व्हर्मिक्युलाइट या हलक्या, न जळणाऱ्या खनिजाचे दाणे भरून घ्या. हा खर्च टाळावासा वाटतो, पण मी टाळू नका म्हणेन. गरम चिमणी हीच चांगली चिमणी, यापलीकडे या विषयात फारसं शास्त्र नाही.

दिशेवरून आठवलं. स्टोव्ह आणि लायनर यांच्यामधले जे जाड पत्र्याचे सरळ तुकडे असतात त्यांचंही तेच. वरच्या तुकड्याचं निमुळतं टोक खालच्या तुकड्याच्या आत गेलं पाहिजे. पावसाच्या पन्हळीची सवय असलेला माणूस हे बरोबर करतो, धुराचा विचार करणारा चुकतो. त्याला वाटतं, धूर वर जातो म्हणजे खालचं वरच्यात घुसवलं की धूर गळणार नाही. धूर सांध्यातून गळत नाहीच, कारण आत ओढ असते, बाहेरची हवाच आत खेचली जाते. गळतं ते डांबर. माझ्या दुसऱ्या स्टोव्हच्या वेळी बसवणाऱ्याने नेमकं हेच उलटं केलं. रोज संध्याकाळी सांध्यातून काळपट थेंब यायचा, नळीवरून ओघळत स्टोव्हच्या डोक्यावर पडायचा आणि चुर्र करून जळायचा. पंधरा मिनिटांचं उलटसुलट काम, पण दोन महिने घर वासाने भरलेलं.

आता ते 'भोवती सिमेंट लिंपायचं'. साधं सिमेंट तापून-निवून तडकतं, हा झाला एक दोष. मोठा दोष वेगळा आहे. लिंपणाच्या वर एक ओटा तयार होतो आणि चिमणीतून झडलेली सगळी काजळी त्यावर साचते. ती काढायला वाटच नाही. म्हणून कोनाड्याच्या वर पोलादी पत्रा आडवा बसवतात, नळी त्यातून जाते, आणि सांध्यात उष्णता सोसणारी दोरी व भट्टीचं सिमेंट भरतात. लायनर वरपर्यंत असेल तर झाडणी स्टोव्हच्या पोटातून किंवा नळीवरच्या झाकणातून होते, ते झाकण आधीच मागून घ्या. फायरप्लेसच्या गळ्याशी जुनी लोखंडी झडप असेल तर ती काढूनच टाका. अर्धवट उघडी राहिलेली झडप हा हमखास घोळ आहे.

वाऱ्यात धूर येण्याबद्दल तुम्ही लिहिलंय. त्यातला गार, रुंद पोकळीचा भाग लायनरने सुटेल. पण चिमणीचं टोकच बुटकं असेल, आढ्याच्या खाली असेल किंवा शेजारी झाड वा उंच भिंत असेल तर वारा वरून दाबतो, त्याला नळी काय करणार? टोक छपरातून बाहेर येतं तिथून किमान ९० सेंटिमीटर वर, आणि ३ मीटरच्या घेऱ्यात जे काही उंच आहे त्याच्याही ६० सेंटिमीटर वर असावं, असा एक जुना आडाखा आहे. बाहेर उभं राहून नुसतं बघितलं तरी अंदाज येतो.

तुम्ही आणून ठेवलेल्या स्टोव्हबद्दल बोलायला जरा जड जातंय. ५ गुणिले ४.२ गुणिले २.६, म्हणजे साधारण ५५ घनमीटर. बऱ्यापैकी बंदिस्त घरात १४ घनमीटरला १ किलोवॅट धरतात. तुमच्या खोलीला ४ किलोवॅट पुरे. खिडक्या फटीच्या असतील, जिना खोलीतूनच वर जात असेल, तर ५ धरा. ९ किलोवॅटचा स्टोव्ह पूर्ण पेटवलात तर अर्ध्या तासात खिडक्या उघडाल. म्हणून मग काय कराल? सगळे करतात तेच. हवेची झडप बारीक करून लाकूड कोंडून, धुमसत ठेवाल. लाकडातली निम्म्याहून जास्त उष्णता त्यातून निघणाऱ्या वायूंत असते आणि ते वायू जळायला ६०० अंशांच्या आसपास धग लागते. धुमसणाऱ्या जाळात ती मिळत नाही, म्हणून ते न जळताच वर जातात आणि डांबर होऊन बसतात. स्टोव्हच्या दाराची काच काळी दिसायला लागली की समजायचं, चिमणीही आतून तशीच झाली आहे. लहान स्टोव्ह मोकळा पेटवणं कधीही बरं. तुमचा ९ चा कुणा मोठ्या हॉलवाल्याला देऊन टाका, एवढंच मी सुचवू शकतो.

आणि दुसरा वापरलेलाच घेणार असाल तर अंधारात आत टॉर्च लावून दार बंद करा आणि बाहेरून बघा. जिथून उजेड दिसेल तिथून हवा शिरणार. दाराच्या कडेची दोरी चेपली आहे का हे बघायला कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. सहज निसटली तर दोरी बदला, ते स्वस्तात होतं. आतल्या विटा तडकलेल्या असल्या तर बदलता येतात. ओतीव लोखंडाच्या अंगालाच भेग असली तर मात्र तो स्टोव्ह कुंडी ठेवायला छान. मागची मापांची पाटी आणि पुस्तिका नसली तरी मी घेणार नाही. पुढे अंतरांचा हिशोब कशावर करणार?

अंतरांचं म्हणजे असं. पुस्तिकेत दिलेलं माप हे अंतिम. ते नसेल तर जळू शकणाऱ्या कुठल्याही वस्तूपासून स्टोव्ह सुमारे ९० सेंटिमीटर आणि उघडी नळी ४५ सेंटिमीटर लांब, असा ठोकताळा. तुमच्या कोनाड्यावर जुनी लाकडी पट्टी किंवा तुळई असणारच, ती या मापात बसते का बघा. 'इतकी वर्षं खाली जाळ होता, काही झालं नाही' हा युक्तिवाद इथे चालत नाही. लाकूड वर्षानुवर्षं तापत राहिलं की आतून कोळशासारखं होत जातं आणि पूर्वीपेक्षा कमी तापमानाला पेटू शकतं. न घडलेल्या अपघाताचा इतिहास इथे उपयोगाचा नाही. कोनाड्याच्या आत सजावटीसाठी बोर्ड ठोकलेले असले तर तेही खरवडून विटेपर्यंत जा. बोर्डामागे लाकडी पट्ट्यांचा सांगाडा असतो हे विसरायला होतं. खाली दगडाचा किंवा फरशीचा ओटा स्टोव्हच्या दारापुढे निदान ३० ते ४५ सेंटिमीटर यायला हवा. नेमकं किती, ते तुमच्याकडच्या नियमावर. दार उघडताना निखारा उडतो तो नेहमी गालिच्याकडेच.

टीव्ही नको. विद्युत उपकरणं ४० अंशांपलीकडे कुरकुरतात आणि स्टोव्हच्या वरची भिंत त्याहून सहज जास्त तापते. बाजूच्या भिंतीवर टांगा, मानही दुखणार नाही.

हवेचं एक सांगायचं राहिलं. स्टोव्हला जळायला हवा खोलीतूनच लागते. खिडक्या घट्ट, दारं घट्ट, आणि त्यात स्वयंपाकघरातला धूर खेचणारा पंखा चालू केला, तर तो पंखा चिमणीतून हवा उलटी ओढू शकतो. त्या १२ पास्कलांशी पंख्याची सहज बरोबरी होते. म्हणून पहिल्या पेटवणीत सगळी दारं-खिडक्या लावून, पंखा पूर्ण वेगात सोडून बघा. स्टोव्हच्या फटीतून धूर डोकावला तर भिंतीत कायमची हवेची जाळी बसवल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि नंतर थंडी लागते म्हणून त्या जाळीवर कापड कोंबायचं नाही, हेही आताच घरात ठरवून टाका.

कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा. स्टोव्हच्या खोलीत, स्टोव्हपासून आडवं मोजून १ ते ३ मीटरवर, कोनाड्यात किंवा पडद्यामागे नव्हे. दुसरा मुलांच्या खोलीत, कारण चिमणी तिथून जाते. डोकं दुखणं, मळमळ, गळून गेल्यासारखं वाटणं, सगळ्यांना एकदम, आणि घराबाहेर गेलं की बरं वाटणं, ही त्याची लक्षणं. सर्दी समजून गोधडीत गुरफटून तिथेच झोपणं सगळ्यात घातक.

लाकडाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, तरी थोडक्यात. ताज्या तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणी असू शकतं. जाळायला ते २० टक्क्यांच्या खाली हवं. ओलावा मोजायचं छोटं यंत्र मिळतं, पण ओंडक्याच्या बाहेरून मोजू नका, चिरा आणि आतल्या ताज्या बाजूवर टोचा. यंत्र नसेल तर दोन ढलप्या एकमेकींवर आपटा. कोरड्या ठणठणतात, ओल्या बद्द वाजतात. चिरून, वरून झाकून, बाजू मोकळ्या ठेवून वर्षभर, कठीण लाकूड दोन वर्षं. यंदाच्या हिवाळ्यासाठी लाकूड अजून तोडायचंच असेल तर यंदा वाळलेलं विकत घ्या. उत्तम लायनरची ओल्या लाकडाने दोन हिवाळ्यांत वाट लागते.

आता कामाची वाटणी. भावजी हुशार आहेत असं तुम्हीच लिहिलंय, तर त्यांना रिकामं बसवू नका. कोनाडा मोकळा करणं, बोर्ड काढणं, विटांच्या दरजा भरणं, ओटा घालणं, लाकडाची मांडणी, हे सगळं त्यांनी करावं. छपरावर चढून लायनर सोडणं, वर झाकण बसवणं आणि जोडणी मात्र या कामाच्या जाणकाराकडून करून घ्या आणि त्याच्याकडून लेखी दाखला घ्या. बऱ्याच ठिकाणी तो कायद्यानेच लागतो, आणि विमा कंपनी उद्या पहिला तोच मागते. काम सुरू करण्याआधी स्थानिक बांधकाम विभागात आणि विमा कंपनीत एकेक फोन करा. तुमच्या भागात लाकूड जाळायला बंदी किंवा ठरावीकच स्टोव्हना परवानगी असली तर ते आता कळलेलं बरं.

बसवून झाल्यावर लगेच भडका करू नका. पहिले तीन-चार जाळ लहान, तासाभराचे. लिंपण वाळायचं असतं आणि स्टोव्हचा रंग पक्का व्हायचा असतो. त्याचा वास येईल, घाबरू नका, खिडकी उघडा. पुढे दर वर्षी हिवाळ्याआधी झाडणी, आणि रोज पेटवत असाल तर हंगामात मध्ये आणखी एकदा.

पण त्या पहिल्या जाळाच्याही आधी धुराची चाचणी करून घ्यायची आहे. जाणकार माणूस स्टोव्हमध्ये धुराची गोळी पेटवतो, वरचं तोंड थोडा वेळ बंद करतो, आणि मग घरात कुठे धूर फुटतो ते बघायचं असतं. या वेळी तुम्ही मुलांच्या खोलीत जा, चिमणीकडच्या भिंतीला लागून कपाट असेल तर ते सरकवून ठेवा, भिंतीच्या तळच्या पट्ट्या आणि फरशी यांच्या सांध्याजवळ वाका. यजमानांना बाहेर, चिमणीच्या विटा दिसतील असं उभं करा. आणि भावजींना टॉर्च देऊन माळ्यावर पाठवा. तिथे कोळिष्टकं असतील, वाकून उभं राहावं लागेल, आणि चिमणीच्या विटा जिथे छपराला भिडतात त्या कोपऱ्यात निदान दहा मिनिटं टक लावून बसावं लागेल. धुराची बारीकशी रेघ दिसली तर त्यांनी खाली हाक मारायची.